देवाचा कोप आणि सैन्याचा जय

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयाची स्थापना राजनांदगावचे राजे घासीदास यांच्या दातृत्वातून १८७५ साली झाली. छत्तीसगढच्या भूमीतून मिळालेल्या मूर्ती, ताम्रपट आणि शिलालेख यांचा मोठा संचय तेथे आहे. या प्रदेशावर काही शतके राज्य केलेल्या हैहयवंशी कलचुरींचे लेख वाचू लागले की त्यांची एक ठरावीक बांधणी ध्यानात येते. आरंभी देवतेला वंदन, मग वंशाची थोरवी, मग राजाने वा त्याच्या सामंताने जिंकलेल्या शत्रूंची नावे, आणि अखेरीस ज्या निमित्ताने लेख कोरला गेला ते देवालय, तलाव किंवा दान. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाचा १११४ चा लेख बस्तरच्या सोमेश्वराला युद्धात बंदी केल्याचे सांगतो आणि त्याच्या मातेच्या शब्दाखातर त्याला सोडून दिल्याचेही सांगतो. राजिमचा जगपालाचा ११४५ चा लेख रामाच्या मंदिरासाठी कोरलेला आहे. पण त्या मंदिरापाशी पोचण्यापूर्वी वाचकाला जगपालाने आणि त्याच्या पूर्वजांनी सर केलेल्या मुलुखांतून जावे लागते. जय आणि देवालय ही या लेखांत एकाच श्वासात उच्चारली जातात.

अशा लेखांत एक गोष्ट मात्र सहसा सापडत नाही, ती म्हणजे स्वतःचा पराभव. कोणताही राजा आपली हार दगडावर कोरून ठेवीत नाही. त्यामुळे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. जय जर देवाच्या कृपेचा पुरावा असेल, तर हरलेल्याच्या देवाचे काय होते? तो दुबळा ठरतो, की परका होतो, की नाहीसाच होतो? हैहयांचे राज्य १७४१ मध्ये मराठ्यांपुढे कोसळले तेव्हा रतनपूर आणि रायपूर येथे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये, त्याच मराठी सेनापतीच्या बाबतीत, त्याचे फार वेगळे उत्तर दिले गेले. त्या दोन उत्तरांकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर पाहिले पाहिजे, कारण ते आपला पराभव कबूल करणाऱ्या एका अपवादात्मक राजाने कोरून ठेविले आहे.

मृत समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डन देशात, धिबान नावाचे गाव आहे. मवाबांची राजधानी दिबोन ती हीच. १८६८ साली क्लाइन नावाच्या एका मिशनऱ्याच्या दृष्टीस तेथे काळ्या दगडाची एक कोरीव शिळा पडली. ती मिळविण्यासाठी युरोपीय सत्तांच्या प्रतिनिधींत चढाओढ सुरू झाली आणि त्या गडबडीत तेथील बदावी लोकांनी ती फोडून टाकली. सुदैवाने तत्पूर्वी तिचा कागदी ठसा घेतला गेला होता. त्याच्या आधाराने तुकडे जुळविले गेले आणि आज ती शिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभी आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील मवाबचा राजा मेशा तिच्यावर चौतीस-एक ओळींत बोलतो. इस्रायलच्या अम्री राजाने मवाबला दीर्घकाळ दडपून ठेविले, असे तो मोकळेपणाने सांगतो आणि त्याचे कारणही देतो: मवाबचा देव कमोश आपल्याच भूमीवर कोपला होता.

या एका कारणात केवढी मोठी युक्ती दडलेली आहे! इस्रायलचा देव याह्वे कमोशाहून बलवान ठरला, असे मेशा म्हणत नाही. शत्रूच्या देवाला त्या पराभवात त्याने काही कामच ठेविलेले नाही. इस्रायलचे सैन्य आले ते कमोशाने येऊ दिले म्हणून, आणि गेले ते कमोशाचा कोप शमला म्हणून. हरलेला देव अशा रीतीने हरतच नाही. पुढे मेशा आपल्या विजयांची कथा सांगतो ती भयानक आहे. अटारोथ नगर त्याने घेतले आणि तेथील रहिवासी कमोशासाठी मारले. नबो नगर त्याने रात्री चाल करून जाऊन घेतले, सात हजार माणसांची, त्यांत स्त्रियाही आल्या, कत्तल केली, आणि ते सारे देवतेला वाहून टाकले. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द ‘हेरेम’ हाच हिब्रू जुन्या करारातही येतो. यहोशवाने यरीहो घेतले तेव्हा त्या नगरीचे हेच झाले. शत्रूंची भाषा जवळजवळ एक, धर्माचार एका साच्याचा, कत्तलीला दिलेले नावही एक. बदलते ते फक्त देवाचे नाव. नबोमधून याह्वेच्या पूजेतील वस्तू ओढून आणून त्याने कमोशापुढे ठेविल्या. इस्रायलच्या या देवाचे नाव बायबलबाहेर असंदिग्धपणे येणाऱ्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तो शत्रूने लुटीच्या यादीत करावा, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

हीच हकीकत दुसऱ्या बाजूने ‘राजे’ या ग्रंथात आलेली आहे. मेशा हा मोठा मेंढपाळ राजा; इस्रायलला तो एक लाख कोकरे आणि एक लाख एडक्यांची लोकर करादाखल देत असे. त्याने बंड केले तेव्हा इस्रायल, यहूदा आणि अदोम या तीन राज्यांचे सैन्य एकत्र होऊन त्याच्यावर चालून गेले. गावे उद्ध्वस्त झाली, विहिरी बुजल्या, एक शेवटचे शहर उरले. त्या शहराच्या तटावर उभे राहून मेशाने आपला थोरला मुलगा, भावी राजा, होमबली म्हणून दिला. यानंतरचे वाक्य अभ्यासकांना आजवर छळत आले आहे. इस्रायलवर मोठा कोप झाला आणि ते परत फिरले, एवढेच ते सांगते. कोप कोणाचा? लेखक नाव घेत नाही. कमोशाचा म्हणावे तर परक्या देवाचे सामर्थ्य मान्य केल्यासारखे होते. याह्वेचा म्हणावा तर कारण सापडत नाही. लेखणी त्या ठिकाणी अडखळली आहे. त्या काळी परक्या देवाचे अस्तित्व नाकारण्याची कोणालाच गरज भासत नव्हती, हे त्यावरून ध्यानात येते. इफ्ताह नावाचा इस्रायली पुढारी शत्रूला जो निरोप पाठवितो त्याचा आशयही असाच आहे: तुमचा कमोश तुम्हांला देईल ती भूमी तुम्ही घ्या, आमचा देव आम्हांला देईल ती आम्ही घेऊ. अरामी सरदारांनी तर एका पराभवानंतर आपल्या राजाला युद्धशास्त्राच्या अंगाने सल्ला दिला की इस्रायलचे देव डोंगरांतले आहेत, तेव्हा पुढची लढाई मैदानात द्यावी.

देवाची मूर्ती किंवा त्याचे प्रतीक शत्रूच्या हाती पडणे ही यातली सर्वांत बिकट वेळ. पलिष्ट्यांनी इस्रायलचा कराराचा कोश जिंकून अश्दोद नगरीत आपल्या दागोन देवापुढे नेऊन ठेविला. सकाळी दागोन कोशापुढे पालथा पडलेला आढळला. त्याला उठवून पुन्हा बसविले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे मुंडके आणि हात उंबरठ्यावर तुटून पडलेले. गावोगाव रोगराई पसरली. अखेर सात महिन्यांनी पलिष्ट्यांनी कोश एका नव्या गाडीवर ठेविला, तिला दोन दुभत्या गाई जुंपल्या, त्यांची वासरे घरी कोंडली आणि गाई कोणत्या वाटेने जातात ते पाहत राहिले. वासरांसाठी हंबरत का होईना, पण त्या गाई इस्रायलच्याच वाटेने गेल्या. कोकणातील बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या ठेक्यात बसविली. अशा कथा त्या बाजात सहज का उतरल्या असतील, हे ही गोष्ट वाचताना उमगते.

मूर्ती जिंकून आणण्याचा हा व्यवहार भारताला अपरिचित नव्हता. ओडिशाच्या परंपरेत पुरुषोत्तम गजपतीच्या कांची-मोहिमेची कथा फार लाडकी आहे. जगन्नाथ आणि बलभद्र काळ्या-पांढऱ्या घोड्यांवर बसून, साध्या शिपायांच्या वेषात, राजाच्या सैन्यापुढे गेले आणि वाटेत माणिका गवळणीकडून दही घेऊन प्याले. कांचीचा पाठिराखा होता गणेश. जय मिळाल्यावर तो गणेश पुरीला आला आणि जगन्नाथाच्या आवारात बसला. साक्षीगोपाळाची मूर्तीही त्याच मोहिमेत आली, असे ती परंपरा सांगते. पण पुरुषोत्तमाचा मुलगा प्रतापरुद्र याच्यावर काळ उलटला. कृष्णदेवरायाने १५१४ मध्ये त्याचा उदयगिरीचा किल्ला घेतला आणि तेथील बालकृष्णाची मूर्ती विजयनगरला आणून १५१५ मध्ये तिच्यासाठी नवे मंदिर उभारले. बापाने एक देव आणला, मुलाने एक गमावला. मात्र येथे दागोनासारखे मुंडके तुटल्याची कथा कोणी सांगत नाही. आणलेल्या देवाची पूजा होते, त्याच्यासाठी देऊळ बांधले जाते. लूट आणि भक्ती यांची अशी मिसळ पाहून आजचा वाचक गोंधळतो. त्या काळच्या राजाला त्यात विसंगती वाटली नसावी.

ही सारी उदाहरणे मनात ठेवून १७४१ च्या रतनपुराकडे यावे. हैहयांच्या दोन शाखा शिवनाथ नदीच्या दोन बाजूंस राज्य करीत होत्या. उत्तरेची रतनपुरास, दक्षिणेची रायपुरास. दोन्हींकडे अठरा अठरा गड आणि त्यावरून छत्तीसगढ हे नाव पडले, असे सांगण्याची रीत आहे. दोन्ही राजधान्यांत हैहयांची कुलदेवता महामाया. रतनपूरची स्थापनाकथाच तिच्याशी जोडलेली आहे. शिकारीस गेलेला राजा रत्नदेव रात्री झाडावर मुक्काम करून राहिला, मध्यरात्री त्याने खाली तेजोमय प्रकाशात देवीची सभा भरलेली पाहिली, आणि राजधानी त्या जागी आणली. रायपूरच्या पुरानी बस्तीतील महामायेचे मंदिरही याच वंशाकडे नेले जाते. राज्य देवीचे आणि राजा तिचा रखवालदार, असा हा संबंध.

नागपूरच्या रघुजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर, इतिहासात भास्करपंत म्हणून ओळखला जाणारा, मोठे सैन्य घेऊन रतनपुरावर आला तेव्हा गादीवर रघुनाथसिंह होता. तो वृद्ध होता आणि एकुलता एक मुलगा गेल्याच्या दुःखाने खचलेला होता. चिझम याने १८६८ मध्ये लिहिलेल्या बिलासपूर जिल्ह्याच्या जमाबंदीच्या अहवालात या वेढ्याची हकीकत आली आहे. राजाने हातपाय हलविले नाहीत. तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर पांढरे निशाण चढविले. दरवाजे उघडले गेले. मराठ्यांनी एक लाख रुपये दंड बसविला, खजिना ताब्यात घेतला आणि भोसल्यांच्या नावाने राज्य चालविण्याच्या अटीवर रघुनाथसिंहाला गादीवर राहू दिले. शेवटच्या शहराच्या तटावर मुलगा बळी देणारा राजा आणि रतनपुरात मुलाच्या शोकाने शस्त्रच न उचलणारा राजा, हे दोघे एकाच वेळी डोळ्यांपुढे येतात. मेशाच्या त्या भीषण कृत्याला निदान एक हिशेब होता. रघुनाथसिंहाजवळ देवापुढे ठेवण्याजोगे काही उरलेच नव्हते.

रायपूरच्या शाखेचा अंत तर त्याहूनही निःशब्द झाला. तेथील अमरसिंहाला मराठ्यांनी प्रथम हात लावला नाही. १७५० मध्ये त्याला गादीवरून दूर करून राजिम, पाटण आणि रायपूर हे परगणे सात हजार रुपये वार्षिक टाकोळीच्या बोलीवर दिले गेले. तो १७५३ मध्ये वारला. त्याचा मुलगा शिवराजसिंह त्या वेळी तीर्थयात्रेस गेला होता. परतला तेव्हा तेही गेलेले होते. पुढे बिंबाजी भोसल्यांनी त्याला निर्वाहासाठी पाच गावे आणि रायपूर भागातील प्रत्येक गावामागे एक रुपया एवढे लावून दिले. ज्या वंशाने शिलालेखांतून चोडगंगावरील जयाची घोषणा केली होती, त्याचा शेवट गावामागे एका रुपयावर झाला. लढाई झाली नाही, म्हणून या शेवटाला पोवाडाही नाही.

आता मूळ प्रश्न. येथे महामायेचे काय झाले? काहीच झाले नाही. तिची मूर्ती कोणी नागपूरला नेली नाही, तिच्यापुढे दुसरा देव आणून बसविला नाही. जिंकणाराही नवरात्रात घट बसविणारा, खंडेनवमीला शस्त्रे पुजणारा, भवानीचा उपासक होता. त्याच्या दृष्टीने महामाया ही शत्रूची देवता असूच शकत नव्हती. मवाब आणि इस्रायल यांच्या भाषा जवळच्या असूनही त्यांचे देव परस्परांचे वैरी राहिले. येथे भाषा वेगळ्या, राजवंश वेगळे, पण देवता एकच मानली गेली. त्यामुळे झगडा दोन देवांमधला न राहता एकाच देवीच्या कृपेसाठीचा झाला. रघुनाथसिंहावरून तिची कृपा उठली एवढेच हैहयांच्या प्रजेने मानावयाचे होते, आणि ते मानणे कठीण नव्हते. देवीचे राज्य अबाधित राहिले, रखवालदार बदलला.

तरीही विजेत्याला आपली खूण सोडावीशी वाटतेच. बिंबाजी भोसले हे रघुजींचे पुत्र. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी रतनपुरात राहून कारभार केला. त्यांनी तेथील टेकडीवर रामाचे मंदिर बांधले, आणि ती टेकडी रामटेकरी या नावाने ओळखली जाते. नागपूरजवळचे रामटेक हे भोसल्यांचे श्रद्धास्थान. तेथील मंदिरांचा जीर्णोद्धार पहिल्या रघुजींच्या काळातला. तेव्हा रतनपूरच्या त्या टेकडीवर राम आला तो नागपूरची आठवण घेऊन आला. खाली जुन्या राजवंशाची देवी आणि वर नव्या राजवंशाचा राम. डोंगरातला देव आणि मैदानातला देव असा भेद करणाऱ्या अरामी सरदारांना हे दृश्य दाखविले असते तर त्यांनी यातून युद्धाचा अर्थ काढला असता. रतनपूरकर दोन्ही ठिकाणी दर्शनाला जात राहिले. रायपूरच्या दूधाधारी मठालाही भोसल्यांचा आश्रय लाभल्याचे परंपरा सांगते. केवळ दुधावर राहणारे महंत बलभद्रदास यांच्यावरून त्या मठाला हे नाव मिळाले. बिंबाजींनी दरबारी व्यवहारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आणली. दसऱ्याला सोने वाटण्याची चालही छत्तीसगढात त्यांनीच रूढ केली, असे तेथील इतिहासकार सांगतात. रतनपूरचे बाबू रेवाराम यांनी पुढे हैहयवंशाची तवारीख लिहिली. गेलेल्या राजवंशाची आठवण अशा रीतीने नव्या राज्यातही जपली गेली.

येथवरची कथा मराठी वाचकाला सुखावणारी आहे. पण त्याच भास्करपंताची पुढची कथा तशी नाही, आणि ती टाळून जाणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. १७४२ मध्ये तो चौथाईच्या मागणीसाठी बंगालमध्ये उतरला. त्याच्या घोडेस्वारांना बंगालने ‘बर्गी’ हे नाव दिले. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या बारगिरावरून ते आले. त्यांनी गावे जाळली, लोकांचे हाल केले, स्त्रियांची विटंबना केली. बंगाली आया मुलांना निजविताना पुढे शतकानुशतके बर्गींचे नाव घेत राहिल्या, यावरून त्या दहशतीची खोली कळते. पावसाळ्यात भास्करपंताने भागीरथीकाठी कटवा येथे तळ ठोकला आणि आश्विनात तेथेच, दाइंहाटला, मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. आसपासच्या जमीनदारांकडून त्यासाठी सामग्री वसूल केली गेली. मराठी रिवाजाप्रमाणे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघावयाच्या. तोवर सेना देवीच्या उत्सवात मग्न. नवाब अलीवर्दीखानाने नेमकी हीच वेळ साधली. नावांच्या पुलावरून त्याने रात्री सैन्य पार केले आणि २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे छावणीवर छापा घातला. पूजा पुरी होण्यापूर्वीच मराठ्यांना तळ सोडून पळावे लागले. दीड वर्षानंतर, मार्च १७४४ मध्ये, तहाच्या बोलण्यासाठी मानकऱ्यास बोलावून नवाबाने भास्करपंत आणि त्याच्यासोबतचे सरदार यांची तंबूत दग्याने कत्तल करविली.

या घटनांचा अर्थ एका बंगाली कवीने लावला. गंगाराम त्याचे नाव, आणि त्याच्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’. उपलब्ध पोथी बंगाली सन ११५८ ची, म्हणजे १७५१ ची. म्हणजे प्रसंग घडल्यावर दशकाच्या आत. काव्याचा आरंभ पुराणाच्या वळणाने होतो. लोक पापात बुडाले, हरिभक्ती विसरले, पृथ्वीला भार सोसेना. ती ब्रह्मदेवाकडे गेली, ब्रह्मदेव शिवाकडे गेले, आणि शिवाने नंदीला आज्ञा केली की दक्षिणेत शाहूराजा आहे, त्याला प्रेरणा दे. बंगालवर मराठे आले ते अशा रीतीने शिवाच्या इच्छेने आले. कमोश आपल्या भूमीवर कोपला म्हणून अम्रीचे सैन्य आले, असे म्हणणारा मेशा आणि मराठ्यांना शिवाने धाडले, असे म्हणणारा गंगाराम यांच्यात सव्वीस शतकांचे अंतर आहे. विचाराचा पाया एकच आहे. यरुशलेमच्या तटाखाली अश्शूरच्या राजदूताने हिज्कीयाच्या लोकांना हेच ऐकविले होते की तुमच्याच देवाने मला या देशावर चालून जा म्हणून सांगितले आहे.

पण गंगाराम तेथे थांबत नाही. शिवाने पाठविलेले मराठे पाप्यांना शासन करावयाचे सोडून ब्राह्मण-वैष्णवांना मारू लागले, स्त्रियांवर अत्याचार करू लागले. ते पाहून देवी संतापली. तिने आपल्या योगिनींना सांगितले की भास्करावर प्रतिकूल व्हा, नवाबाला अनुकूल व्हा. ज्या देवीची पूजा भास्करपंताने मांडली होती, तीच त्याच्या विरोधात गेली, आणि ज्याला तिच्या पूजेशी कर्तव्य नव्हते अशा मुसलमान नवाबाच्या बाजूला ती उभी राहिली. गंगारामाच्या दृष्टीने कटव्याचा छापा आणि मानकऱ्याचा दगा हे या आज्ञेचे फळ. नवाबाचा विश्वासघात त्याने अशा रीतीने सौम्य केला आहे, हे खरे. त्याचा न्याय तटस्थ नाही. परंतु देवाने कोणाची बाजू घ्यावी याची कसोटी त्याने बदलली. नैवेद्य कोणी दाखविला याला तेथे किंमत नाही. निःशस्त्र माणसांशी कोण कसे वागले याला आहे.

हेच वळण हिब्रू परंपरेत फार पूर्वी आले होते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा एक मेंढपाळ संदेष्टा झाला. शेजारच्या राष्ट्रांवर देवाचा कोप होणार, असे तो एकामागून एक सांगत गेला. मवाबचा अपराध त्याने सांगितला तो इस्रायलविरुद्धचा नव्हताच. अदोमच्या राजाची हाडे जाळून त्याचा चुना केला, हा होता. मग तोच दंड त्याने यहूदावर आणि इस्रायलवर उगारला, कारण तेथे दरिद्र्यांना जोड्याच्या किमतीला विकले जात होते. इस्रायलला मिसरातून ज्याने आणले त्यानेच पलिष्ट्यांनाही आणि अराम्यांनाही त्यांच्या भूमीत आणले, हे त्याचे म्हणणे ऐकणाऱ्यांना किती झोंबले असेल! यशयाने अश्शूरला देवाच्या हातची काठी म्हटले, आणि काठीने गर्व केला म्हणून तीही मोडली जाईल असे सांगितले. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले तेव्हा या विचाराची खरी परीक्षा झाली. मंदिरातली भांडी बाबेलला गेली; नेण्याजोगी मूर्ती तेथे नव्हतीच. मवाब, पलिष्टी, अदोम यांचे देव त्यांच्या राज्यांबरोबर विस्मृतीत गेले. कमोशाला आज ओळखतो तो मेशाची शिळा वाचणारा अभ्यासक. मंदिर गेल्यावरही याह्वेची उपासना टिकली, कारण ती करणाऱ्यांनी पराभवाचा दोष देवाच्या दुबळेपणावर न टाकता स्वतःच्या वागणुकीवर घेतला होता.

नागपूरकर भोसल्यांनी गंगारामाचे काव्य वाचले असण्याचा संभव नाही. तथापि ओडिशातील त्यांची वागणूक बंगालमधील वागणुकीहून निराळी पडली, हे नोंदविले पाहिजे. १७५१ च्या तहाने ओडिशा त्यांच्याकडे आला आणि १८०३ पर्यंत राहिला. रायपूर–संबळपूरच्या बाजूने कटककडे जाणारा रस्ता हा त्या राज्याचा कणा होता. जगन्नाथाच्या देवालयाचा कारभार त्यांनी सांभाळला, उत्सवांना पैसा दिला. यात्रेकरूंवर करही बसविला, तोही विसरून चालणार नाही. पुरीच्या सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ त्यांच्याच अमदानीत कोणार्कच्या उजाड सूर्यमंदिरातून आणला गेला. एका देवाचा खांब दुसऱ्या देवाच्या दारात आला, पण तो विजयचिन्ह म्हणून आला नाही. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल हारकोर्टचे इंग्रज सैन्य पुरीला पोचले. मंदिराला आणि पुजाऱ्यांना कसलाही उपसर्ग होऊ नये, अशी गव्हर्नर जनरल वेलस्लीची ताकीद होती. मंदिराच्या ब्राह्मणांनी देवालय इंग्रजांच्या संरक्षणाखाली दिले. साठ वर्षांपूर्वी रतनपुरात जे मराठ्यांनी साधले, तेच पुरीत इंग्रजांनी मराठ्यांविरुद्ध साधले: देवाला हात न लावता रखवालदार बदलणे. फरक एवढाच की या नव्या रखवालदाराचा त्या देवावर विश्वास नव्हता, आणि त्या कारणाने त्याच्याच देशातील मिशनऱ्यांनी पुढे अनेक वर्षे त्याला धारेवर धरले.

१८१८ मध्ये छत्तीसगढचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आला आणि कर्नल ॲग्न्यूने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. रतनपूर हळूहळू ओस पडत गेले, तलाव आणि देवळे मागे उरली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचा अंमल संपला. महामायेच्या दोन्ही मंदिरांत, रतनपूरच्या आणि रायपूरच्या, नवरात्रात भक्तांच्या नावाचे ज्योतिकलश लावले जातात. ते लावणाऱ्यांत हैहयांच्या प्रजेचे वंशज असतात आणि बिंबाजींच्या वेळी आलेल्या मराठी कुटुंबांचेही. नवव्या रात्रीनंतर ज्योती विसर्जित होतात आणि दुसऱ्या दिवशी सोने वाटले जाते.